डेसिमल कॉलम जावात डबल करू नका बाबांनो

नेटवर शोधलं की एक तक्ता मिळतोच, डावीकडे डेटाबेसचे टाइप, म्हणजे माहितीचे प्रकार, उजवीकडे जावा या प्रोग्रामिंग भाषेचे, इंटला इंट (पूर्ण आकडा), बिगइंटला लाँग (मोठा पूर्ण आकडा), वारकारला स्ट्रिंग (मजकूर), आणि ऑफिसात नवीन आलेली पोरं तो समोर ठेवून भराभर क्लास लिहून मोकळी होतात. नुसत्या नावावरून जोड्या लावून भागत नाही. त्या आकड्याचं पुढे काय करायचंय आणि तो रिकामा राहू शकतो का, हे आधी विचारायला पाहिजे.

सध्या आमच्याकडे इंदूरच्या सियागंजमधल्या एका किराणा व्यापाऱ्याचं जुनं बिलिंग आलंय. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये किलोतल्या वजनाचा कॉलम डेसिमल, पॉइंटनंतर तीन आकडे, म्हणजे ग्रॅमपर्यंत हिशोब चोख. पण जावात कोणीतरी तो डबलमध्ये, म्हणजे अंदाजे साठवणाऱ्या दशांश टाइपमध्ये घेतलाय! आता शंभर ग्रॅम जिऱ्याच्या दहा पुड्यांची लूप लावून बेरीज करून बघा, ०.१ दहा वेळा, उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. डबल बायनरीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये साठवला जातो आणि ०.१ बायनरीत नेमका बसतच नाही. स्क्रीनवर राउंड होऊन १ दिसतो म्हणून कोणाला पत्ता लागत नाही, पण कोडात "एक किलो किंवा जास्त असेल तर सूट" अशी अट असली की सूट गायब, आणि काउंटरवर गिऱ्हाईक "भिया, ये क्या है" करत उभं.

म्हणून पैसे आणि वजन बिगडेसिमलमध्येच, जावाच्या नेमका दशांश साठवणाऱ्या टाइपमध्ये. तिथेही दोन खोड्या आहेत, एक म्हणजे तो डबलपासून बनवला तर डबलची घाण सोबत येते, स्ट्रिंगपासून बनवा, आणि दुसरं, त्याच्या ईक्वल्स फंक्शनने तुलना केली तर २.० आणि २.०० वेगळे ठरतात, तिथे कम्पेअरटू हे फंक्शन वापरायचं.

नलचं, म्हणजे रिकाम्या ठेवलेल्या कॉलमचं, तर मला सगळ्यात जास्त चिडायला होतं. सुटीचा कॉलम नल आहे म्हणजे अजून ठरलीच नाही, ० आहे म्हणजे द्यायचीच नाही, पण जेडीबीसीचं (जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीचं) गेटइंट फंक्शन नलसाठी गुपचूप ० देतं आणि आधीचा आकडा नल होता का हे सांगणारं वॉजनल विचारायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. गेटऑब्जेक्टने रॅपर इंटिजर घ्या, म्हणजे नलही ठेवू शकणारा इंट, निदान चुकीच्या जागी वापरला तर एरर येऊन बोंब तरी होईल.

टायनीइंट(१) या छोट्या आकड्याच्या कॉलमचंही तसंच, मायएसक्यूएलचा ड्रायव्हर (जावाशी जोडणारा भाग) गेटऑब्जेक्टला तो बूलियन, म्हणजे ट्रू किंवा फॉल्स करून देतो, आणि लोक त्यात ०, १, २ असा स्टेटस भरून ठेवतात, मग २ पण ट्रू. मायएसक्यूएलचा अनसाइन्ड (ऋण आकडे नसलेला) इंट ४२९४९६७२९५ पर्यंत जातो, जावाचा इंट २१४७४८३६४७ ला थांबतो, सरळ लाँग घ्या. मायएसक्यूएलचा तारीख-वेळेचा टाइप टाइमस्टँप १९ जानेवारी २०३८ ला संपतो, लांबच्या हप्त्यांच्या तारखा त्यात नकोत.

आणि जावात सगळं नीट बसवलं तरी ब्राउझर आहेच. तिथल्या जावास्क्रिप्ट भाषेचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच भरवशाचा, त्यापुढे ९००७१९९२५४७४०९९३ पाठवला तर शेवटी २ होऊन बसतो आणि भलत्याच बिलाचं पान उघडतं. मोठे आयडी आम्ही तर स्ट्रिंग करूनच पाठवतो, बिलाच्या आयडीची बेरीज-वजाबाकी करतंय कोण.