चूक कोणाची हे न विचारता मिळणारे अडीच लाख: माझा अनुभव

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर हातखंब्याजवळ महामार्गावर माझ्या भावोजींच्या स्कूटरला पिकअप टेम्पोने ठोकर दिली. उजव्या नडगीचं हाड मोडलं, आत रॉड घालावा लागला. पंचनाम्यात "स्कूटर गावच्या रस्त्यावरून अचानक महामार्गावर आली" असं लिहिलं गेलं. म्हणजे चूक आपली, मग भरपाई कसली, असं घरात सगळ्यांनीच धरून चाललं होतं. कागदपत्रांची धावपळ माझ्याकडे आली आणि हा समज चुकीचा असल्याचं कळलं.

मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ इथे उपयोगी पडतं. दुसऱ्याच्या वाहनामुळे मृत्यू झाला तर ५ लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख रुपये, ही रक्कम वाहनमालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यायची. ड्रायव्हरचा निष्काळजीपणा दाखवावा लागत नाही. ५० हजार आणि २५ हजार हे आकडे अजून लोकांच्या तोंडी आहेत. ते जुन्या कलम १४० चे. १ एप्रिल २०२२ पासून नवी तरतूद लागू आहे.

पहिली गल्लत होते ती कोणत्या विम्याकडे जायचं यात. आम्हीही आधी भावोजींच्या स्कूटरची पॉलिसी शोधत बसलो. आपल्या पॉलिसीतला मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मृत्यू, हातपाय किंवा डोळे गमावणं, कायमचं पूर्ण अपंगत्व यांसाठी असतो. मोडलेल्या हाडाचे त्यात पैसे मिळत नाहीत. अडीच लाख मागायचे ते समोरच्या वाहनाच्या विम्याकडे. त्यामुळेच रानडुक्कर आडवं आलं किंवा जांभ्याच्या लाल चिखलावरून आपली आपणच गाडी घसरली, तर कलम १६४ चा उपयोग नाही. मालक स्वतःच्याच वाहनाविरुद्ध दावा करू शकत नाही. ठोकून पळालेलं वाहन सापडलंच नाही तर वाट वेगळी: प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. त्यात मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार.

टेम्पोचा नंबर असला की एम-परिवहन ॲपवर विमा कंपनीचं नाव आणि मुदत दिसते. अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती का, हे तिथेच ताडून पाहा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. फिर्यादीतला आणि पंचनाम्यातला नंबर एकच आहे ना, तेही बघा. एमएच ०८ आणि एमएच ०७ यांतली एका आकड्याची चूक दुरुस्त करून घ्यायला आमचे दोन आठवडे गेले. विम्याची मुदत संपलेली असली तरी मालकाची जबाबदारी संपत नाही, फक्त वसुली अवघड होते. ड्रायव्हरच्या लायसन्समध्ये खोट असेल तर कंपनी हात वर करू पाहते. अशा वेळी कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायालयं अनेकदा देतात.

चूक दाखवायची नसली तरी तीन गोष्टी दाखवाव्याच लागतात: अपघात झाला, तो याच वाहनाने झाला आणि दुखापत गंभीर आहे. आमचं घोडं तिसऱ्या गोष्टीत अडलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात पाय बांधून पुढे पाठवलं, तेव्हा एक्स-रे झालेला नव्हता. जखमेच्या दाखल्यात 'साधी दुखापत' लिहिलं गेलं आणि पोलिसांनी तोच दाखला जोडला. कायद्यात गंभीर दुखापतीची व्याख्या फौजदारी कायद्यातूनच घेतली आहे आणि हाड मोडणं किंवा निखळणं त्यात स्पष्ट येतं. पण हे कागदावर आलं पाहिजे. एक्स-रेचा अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन आधीच्याच डॉक्टरांकडून पुरवणी दाखला घ्या, त्यात एमएलसी नंबर (पोलीस केस म्हणून रुग्णालयाने दिलेला नोंदणी क्रमांक) तोच असू द्या, आणि त्याची प्रत तपास अधिकाऱ्याला देऊन पोच घ्या. फिर्याद भारतीय न्याय संहितेच्या १२५(अ) खाली, म्हणजे साध्या दुखापतीची असेल, तर १२५(ब) लावण्याची लेखी विनंती करा. हे राहिलं की पुढे कंपनीचा पहिला आक्षेप तोच येतो.

पोलिसांची कामं नियमात ठरलेली आहेत. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे (म्हणजे अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाकडे) आणि विमा कंपनीकडे जायचा असतो, दहा दिवसांत जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा फॉर्म मिळायचा असतो, आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणात दाखल व्हायचा असतो. आम्हाला हक्कांचा फॉर्म कोणी आपणहून दिला नाही. मागितल्यावर मिळाला. ठाण्यात जाताना "अपघाताच्या पहिल्या अहवालाची प्रत द्या" असं नेमकं मागा, नुसते "कागद द्या" म्हटलं की फक्त फिर्यादीची झेरॉक्स हातात पडते.

कंपनीकडेही आपण स्वतः लेखी कळवायचं. फिर्याद, पंचनामा, दोन्ही दाखले, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलांच्या झेरॉक्स, आधार, पॅन, बँक पासबुक, असा गठ्ठा नोंदणीकृत टपालाने पाठवला. कंपनीला त्यासाठी अधिकारी नेमावा लागतो आणि त्याने ३० दिवसांत देकार, म्हणजे किती रक्कम देणार याचा प्रस्ताव, द्यायचा असतो. आमच्याकडे देकार आला: अडीच लाख, सोबत संमतीचा कागद.

इथे घाई करू नये, असं माझं ठाम मत आहे. कलम १६४ खाली रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणातला कलम १६६ चा, म्हणजे चूक दाखवून पूर्ण भरपाई मागण्याचा दावा संपतो. नंतर रॉड काढायचा खर्च निघाला तरी परत मागता येत नाही. आणि देकार येतो तेव्हा हाड जुळलेलंही नसतं. पायात कायमची खोट किती राहणार, हे डॉक्टरही तेव्हा सांगू शकत नाहीत. सगळा हिशेब मात्र त्याच आकड्यावर फिरतो.

हिशेब असा. भावोजी ४३ वर्षांचे, आंब्याच्या कलमांच्या बागेचं काम, महिन्याचं सरासरी उत्पन्न १५,००० धरलं. वर्षाचे १,८०,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळीस ते पन्नासमध्ये, म्हणून पुढच्या वाढीचे २५ टक्के मिळवून २,२५,०००. या वयाला गुणक (वर्षाच्या उत्पन्नाला गुणायचा, वयानुसार ठरलेला आकडा) १४, म्हणजे ३१,५०,०००. याच्यातून कामावर परिणाम करणाऱ्या अपंगत्वाची टक्केवारी काढायची. २० टक्के असेल तर ६,३०,०००. त्यात औषधोपचार १,८५,०००, चार महिन्यांची बुडालेली कमाई ६०,०००, रॉड काढण्याचा डॉक्टरांनी लिहून दिलेला अंदाज ४५,०००. एकूण ९,२०,०००. पंचनाम्यामुळे निम्मी चूक आपल्यावर आली तरी ४,६०,००० राहतात. मग अडीच लाखांवर सही करणं म्हणजे नुकसान. पण अपंगत्व ६ टक्केच निघालं तर १,८९,००० अधिक औषधोपचार, बुडालेली कमाई आणि रॉड यांचे मिळून २,९०,०००, म्हणजे ४,७९,०००, आणि निम्मे धरले तर २,३९,५००. तेव्हा अडीच लाख बरे. त्रास-वेदनेची रक्कम मी मुद्दाम धरली नाही, ती न्यायाधीशांच्या मर्जीवर असते. सगळीच चूक स्कूटरची ठरली तर कलम १६६ मध्ये हाती शून्य येतं, तेही लक्षात ठेवावं लागतं.

उत्पन्नाला पुरावा लागतो. आंबेवाल्यांकडे पगाराची स्लिप नसते, पण वाशीच्या दलालांच्या पट्ट्या, म्हणजे मालविक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, असतात. तीन हंगामांच्या पट्ट्या, बँकेतल्या जमा रकमा आणि सातबारा एकत्र लावा. एका चांगल्या वर्षाची पट्टी दाखवली की उलटतपासणीत ती टिकत नाही, म्हणून मोहोर गळालेल्या वर्षाचीही ठेवा. मेडिक्लेमने बिलं भरली असतील तरी बिलं टाकू नका: मेडिक्लेमची रक्कम अपघात भरपाईतून वजा करायची नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवलं.

मग करायचं काय? देकाराला आम्ही लेखी उत्तर दिलं की अपंगत्वाचा दाखला आल्याशिवाय निर्णय घेता येत नाही. आणि रत्नागिरीच्या न्यायाधिकरणात कलम १६६ चा अर्ज दाखल करून ठेवला. कायद्यात त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. या मुदतीवर न्यायालयात वाद चालू असला तरी त्या भरवशावर राहू नये. अर्ज अपघात झाला तिथे किंवा आपण राहतो तिथे, दोन्हीकडे चालतो. मुंबईहून गणपतीला येताना इथे अपघात झालेल्या चाकरमान्यांनी हे ध्यानात ठेवावं, दर तारखेला गावी यायची गरज नाही.

अपंगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाकडून, हाड जुळल्यावर. लवकर गेलात तर 'तात्पुरतं' असा शिक्का मिळतो आणि तो निरुपयोगी. आम्हाला सातव्या महिन्यात मिळाला: ६ टक्के. वरचा दुसरा हिशेब लागू झाला. भावोजींनी अडीच लाखांना होकार दिला, न्यायाधिकरणात संमतीची नोंद झाली, आणि नोंदीपासून ३० दिवसांच्या आत रक्कम खात्यात आली. तोवर एक काम मात्र करून ठेवावं लागलं. त्यांचं खातं केवायसी अपुरी असलेलं छोटं खातं होतं, आणि अशा खात्यात ५०,००० च्या वर शिल्लक राहू शकत नाही. संमतीच्या तारखेआधी पूर्ण केवायसी करून घेतली, नाहीतर रक्कम बँकेतून परत गेली असती.