लिनक्सवर सिम्युलेटरचं लायसन्स: -१५ च्या मागे धावू नका

सर्किटचा सिम्युलेटर उघडला की पहिला एरर येतो -१५, लायसन्स सर्व्हरशी जोडता येत नाही. टूलसोबतच्या गाईडमध्ये त्यावर एकच उपाय: नेटवर्क तपासा. तपासलं. पिंग जातंय, पोर्ट उघडे, फायरवॉल बंद. आणि सर्व्हर मुळात सुरूच झालेला नव्हता! -१५ एवढंच सांगतो की पलीकडून कोणी उत्तर देत नाही. का देत नाही, ते क्लायंटच्या मशीनवर बसून कधीच कळणार नाही. त्यामुळे थेट सर्व्हरवर जा.

इन्स्टॉलेशन सरळ आहे, सोडून देतो. टर्मिनल आणि रूट पासवर्ड हाताशी आहे असं धरतो.

खरी दमछाक एलएमजीआरडी, म्हणजे फ्लेक्सएलएम या लायसन्स-व्यवस्थेचा मुख्य सर्व्हर प्रोग्राम, सुरू करताना होते. फाइल समोर आहे, परवानग्या बरोबर आहेत, आणि चालवली की शेल म्हणतं, अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही. गाईडमध्ये याबद्दल चकार शब्द नाही, याचा मला अजून राग आहे. गायब असतो तो ही फाइल चालू करून देणारा लोडर. फ्लेक्सएलएमचे बरेच बायनरी एलएसबी या जुन्या प्रमाणानुसार बांधलेले असतात आणि लोडर त्याच नावाने शोधतात. नव्या डिस्ट्रोंमध्ये ते नाव बहुधा नसतंच. त्या बायनरीवर 'फाइल' कमांड चालवा. 'इंटरप्रिटर'पुढे एलडी-एलएसबीने सुरू होणारं नाव दिसलं की दुखणं सापडलं. लिब६४ मध्ये नेमक्या त्याच नावाची सिमलिंक करा आणि ती सिस्टिमच्या एलडी-लिनक्स लोडरकडे वळवा. एका ओळीचं काम, पण ती ओळ सांगायला कोणी नसतं.

लगेच क्लायंटकडे पळू नका. आता -९७ येऊ शकतो, म्हणजे एलएमजीआरडी जिवंत पण व्हेंडर डेमन (टूलच्या कंपनीचा, प्रत्यक्ष लायसन्स देणारा प्रोग्राम) मेलेला. एलएमजीआरडी नेहमी '-एल' देऊन लॉग फाइलसकट सुरू करा, आणि रूट म्हणून तर अजिबात नको. लॉगमध्ये यूएसआर/टीएमपी/.फ्लेक्सएलएम बनवता आलं नाही असं दिसलं, तर यूएसआरखाली टीएमपी नाहीये. तिथून व्हार/टीएमपीकडे सिमलिंक द्या.

-९ आला तर होस्टआयडी, म्हणजे लायसन्स ज्या मशीनला बांधलंय त्याची ओळख (बहुधा नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता), जुळत नाही. 'एलएमयुटिल एलएमहोस्टआयडी' नुसती शून्यं दाखवत असेल तर नेटवर्क कार्डाचं नाव बघा. २०१३ पासून सिस्टिमडी कार्डांना ईएनपी३एस० सारखी नावं देतं आणि जुन्या फ्लेक्सएलएमला ईटीएच० शिवाय काही दिसत नाही. कर्नलला बूटच्या वेळी 'नेट.आयएफनेम्स=०' द्या. यूएसबी अडॅप्टरच्या मॅक पत्त्यावर लायसन्स घेऊ नका. अडॅप्टर काढला की लायसन्स गेलं.

फायरवॉलची पाळी आत्ता येते. व्हेंडर डेमन दर वेळी वेगळा पोर्ट घेऊ शकतो, म्हणून लायसन्स फाइलच्या व्हेंडर ओळीत 'पोर्ट=' लिहून तो पक्का करा आणि एलएमजीआरडीचा व हा, असे दोन्ही पोर्ट उघडा.

एवढं करूनही क्लायंट जुन्याच सर्व्हरकडे जात असेल तर होम डिरेक्टरीतली .फ्लेक्सएलएमआरसी बघा. सर्व्हरचा पत्ता देणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदललं तरी जुना पत्ता तिथे तसाच राहतो. ती ओळ उडवा, मग 'एलएमस्टॅट -ए' चालवा. फीचरच्या नावापुढे मोकळी लायसन्सं दिसली की वेव्हफॉर्म उघडा. फार बरं वाटतं, खरंच!