छान झालंय

रविवार, रात्री साडेदहा

"छान झालंय," असं मी म्हणाले. एवढंच. पण खंबाटकीच्या बोगद्यापासून कात्रजपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं, आणि आता अंथरूण घातलंय तरी झोपेचं नाव नाही.

सकाळी मेणवली झाली. नाना फडणवीसांचा वाडा, चंद्रकोरीसारखा घाट, वसईच्या मोहिमेतून आलेली ती घंटा, पोरांचे फोटो. सगळं नेहमीसारखं. लिहायचंय ते दुपारच्या वाड्याबद्दल, आणि त्याचं नाव इथेसुद्धा नको.

काकूंनी हौसेने माजघराची मागची भिंत दाखवली. खालून कमरेपर्यंत सिमेंटची राखाडी, घोटीव पट्टी. "तीन वर्षं पोपडे झाडत होते गं. आता हात लावून बघ, खडखडीत." लावला. खडखडीतच होती. आणि मी ते म्हणाले.

पट्टीच्या वर वीतभर चुन्याच्या गिलाव्याला ओलीचा नवा डाग धरलाय, तो मला तेव्हाच दिसला होता. नखाने टोकरलं तर विटेची लाल भुकटी बोटावर आली. लोणा, म्हणजे क्षारांनी वीट खाल्ली जाणं.

जुन्या भिंतीखाली डीपीसी, म्हणजे ओल अडवणारा थर, नसते. जमिनीतली ओल विटेतून वर चढते आणि चुन्यातून हवेत उडून जाते. वाटेत सिमेंट आलं की तिला बाहेर पडता येत नाही, मग ती सिमेंट संपेपर्यंत चढते. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, विटेच्या आत त्यांचे खडे धरतात आणि वीट आतून फुटते. काकू ज्या पोपड्यांना कंटाळल्या ते पडत होते म्हणजे गिलावा आपलं काम करत होता. विटेच्या वाटचं झिजणं तो झिजत होता. आणि विटांच्या आड सागवानी खांब आहेत. तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, टेकलेला त्यांचा पाय आता कायम ओलीत. शनिवारवाड्याचं लाकूड १८२८ च्या आगीत गेलं ते साऱ्या पुण्याने पाहिलं. हे कुणाला दिसणारही नाही.

आणि मी म्हणाले, छान झालंय. इतकी वर्षं चुन्यात हात घालून नखं खाल्ली गेली, ती कशासाठी? अप्पा असते तर तिथल्या तिथे... जाऊ दे.

पण बोलून तरी काय सांगणार होते? ताजा कळीचा चुना आणा, हवेत पडून राहिलेला नको. पिंपात आधी पाणी घ्या, मग त्यात चुना थोडाथोडा सोडा. उलटं केलंत तर उकळून अंगावर उडेल, डोळे सांभाळा. महिनाभर पाण्याखाली मुरू द्या. गाळून घ्या. एकास तीन चाळलेली वाळू, त्यातली थोडी कमी करून सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. भिंत आधी भिजवा, नाहीतर कोरडी वीट गिलाव्यातलं पाणी ओढून घेते आणि तो सुटतो. गिलाव्याचा हात पातळ, बोटाच्या जाडीपेक्षा कमी, पहिला घट्ट झाल्यावरच दुसरा. वर आठवडाभर ओलं गोणपाट, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत सावकाश कडक होतो. उन्हात भरभर सुकला की तडे. एवढं सगळं केलं तरी मिस्त्री नजर चुकवून घमेलंभर सिमेंट टाकणारच, "जरा जोर यायला, ताई."

त्याच्यापुढे कोपऱ्यावरच्या दुकानातली एक गोणी आणि एक दुपार. काकू एकट्या. मीही तेच केलं असतं बहुधा. इथे आमच्या मोरीच्या भिंतीला काय लावलंय ते कुणी विचारू नये.

आणि आता लगेच फोडायचं म्हटलं तरी चुकीचंच. श्रावणात भिंत उघडी करून उपयोग नाही. दिवाळीनंतर, छिन्नी आणि हलकी हातोडी. ब्रेकर लावला की सिमेंटबरोबर विटेचं तोंडही येतं. मग उन्हाळा संपेपर्यंत उघडी ठेवायची, क्षार वर आले की कोरड्या ब्रशने झाडायचे. पाण्याने धुवायचं नाही, विरघळून परत आत जातात.

पण तेही नंतरचं. निघताना परसात गेले तेव्हा खरं कारण दिसलं होतं. त्याच भिंतीला बाहेरून लागून वाफा केलाय. जोत्याचा दगड दोन वीत मातीत बुडालेला, आणि पन्हळीचं पाणी बरोबर त्याच वाफ्यात. माती जोत्याखाली उतरवली, पन्हळीला पुढे दोन हात पाइप जोडला तर अर्धी ओल तिथेच थांबेल. सिमेंटचा शब्दही काढायला नको.

उद्या फोन करते. फक्त त्या वाफ्यात झेंडू आहे. गणपतीसाठी लावलाय म्हणाल्या, आणि त्यालाही मी छान म्हणून बसलेय.