प्लग काढून दहा मिनिटं

मे महिन्यात नागपुरात फ्रीज मेकॅनिकला जेवायची फुरसत नसते. पारा ४५ च्या आसपास, घरोघरी कूलर सुरू, संध्याकाळी व्होल्टेज बसतं आणि माझा फोन वाजायला लागतो. निम्मे लोक म्हणतात, गॅस संपला असेल, भरून द्या. अरे बाप्पा, फ्रीजचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, गळती असेल तरच जातो!

तो कॉल महालातला होता, बडकस चौकाच्या मागच्या गल्लीतला. काकू एकट्याच राहतात. "भाऊ, आतला लाइट लागून राहिला, पण थंडच नाही करून राहिला दोन दिवसांपासून." इन्सुलिन त्यांनी स्टीलच्या डबीत घालून, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवलं होतं. आदल्या दिवशी एक जण येऊन पाच मिनिटांत 'फ्रीजचा सर्किट बोर्ड गेला, ५८०० लागतील' सांगून गेला होता.

प्लग काढून बघा, हे मी फोनवरच सांगितलं होतं. "केलं न! बटण बंद केलं, लगेच चालू केलं. तीनदा."

घोळ त्या 'लगेच'मध्ये असतो. काकूंचा फ्रीज इन्व्हर्टरवाला, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा. अशा फ्रीजच्या बोर्डावर २३० व्होल्ट एसीचे तीनशेच्या वर डीसी होतात आणि एका जाड कपॅसिटरमध्ये भरून राहतात. दोन सेकंदांत बटण दाबलं तर तो रिकामाच होत नाही. वीज गेली होती हे बोर्डाला कळतच नाही, अडकलेला प्रोसेसर अडकलेलाच राहतो. शिवाय कॉम्प्रेसरच्या दोन बाजूंचा दाब सारखा व्हायलाही काही मिनिटं लागतात. जुना फ्रीज अशा वेळी 'टक' करून ओव्हरलोड, म्हणजे कॉम्प्रेसर वाचवायला वीज तोडणारा स्विच, पाडायचा, म्हणून आपल्या आया लाइन आली तरी फ्रीज जरा थांबूनच लावायच्या. नवा आवाजही करत नाही. वर दुकानदार 'स्टॅबिलायझरची गरजच नाही' म्हणून विकून मोकळा. संध्याकाळी सात वाजता महालात त्याने मीटर लावून बघावं एकदा.

मी प्लग काढला, घड्याळ बघितलं. काकूंनी पन्हं दिलं. ते पिऊन झालं, मागची जाळी कुंच्याने झाडून झाली, दहा मिनिटं झाली. प्लग माझ्या एक्स्टेन्शनमध्ये घातला. तिचं वरचं आवरण सोलून आतली एक वायर मी सुटी काढलेली आहे, वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावायला. आतला लाइट लागला, मीटरवर जवळजवळ शून्य. काकू माझ्या तोंडाकडे बघताहेत. हे बोर्ड चालू झाल्यावरही थोडं थांबून मगच कॉम्प्रेसर उचलतात, हे मला माहीत होतं, तरी घाम फुटला. मी तळहात कॉम्प्रेसरवर ठेवला. हा जुन्यासारखा धक्का देत नाही, हाताला बारीक मुंग्या आल्यासारखं लागतं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला त्या मुंग्या आल्या. मीटर हळूहळू चढून ०.६ अँपिअरवर थांबला.

व्हिजिटचे ३०० घेतले. "प्लग काढायचे तीनशे?" काकूंनी विचारलं, पण दिले. स्टॅबिलायझर लावा, पुन्हा असं झालं तर आधी दहा मिनिटं थांबा आणि मग मला फोन करा, एवढं सांगून निघालो.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण परतताना गांधी गेटजवळ गाडी अडकली आणि एप्रिलमधलं नंदनवनचं घर आठवलं. हेच मॉडेल, हीच तक्रार. त्या दिवशी अजून चार कॉल बाकी होते. मी उभ्या उभ्या बोर्ड बदलला, ५५०० घेतले. दहा मिनिटं थांबलो नव्हतो. आदल्या दिवशी महालात येऊन गेलेल्या त्या माणसाला मी मनात शिव्या घालत होतो, त्या तिथंच थांबल्या.

तो जुना बोर्ड दुकानात क्रेटमध्ये पडून होता. योगायोगाने त्याच मॉडेलचा एक फ्रीज दाराचं रबर बदलायला आला होता. रात्री शटर अर्धं ओढून मी बोर्ड त्यात बसवला आणि स्वतःलाच समजावत राहिलो: बोर्ड तेव्हा खराबच असेल, काढता-घालताना सैल कनेक्टर बसला असेल, महिनाभर पडून राहिल्याने काहीतरी झालं असेल. फ्रीझरमध्ये पाण्याचा एक ग्लास ठेवला आणि घरी गेलो. नंबर अजून फोनमध्ये आहे, 'नंदनवन बोर्ड' नावाने.

सकाळी ग्लास उलटा केला, तर पाणी पडलं नाही.