बिबट्याला मांजराचे डोळे

लहानपणी संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या बिबट्याचे दात दिसतात. मोठेपणी तिथेच पुन्हा गेलं, तर आधी त्याचे डोळे बघावेत. बिबट्याची बाहुली गोल असते, मांजरीसारखी उभी चीर नसते. मगरीची मात्र उभीच. कारागिराने हाताशी असतील ते काचेचे डोळे बसवले की जंगलचा राजबिंडा प्राणी बोक्याच्या नजरेने बघायला लागतो.

मग जरा वाकून पोटाखाली पाहावं. कातडं तिथे उघडतात, त्यामुळे शिवणही तिथेच लपवलेली असते. ती उसवते मात्र काखेत आणि जांघेत. आपल्याकडे गोव्यात मिरगापासून चवथीपर्यंत कातडं हवेतली ओल पिऊन सैल होतं, डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात आकसतं. दरवर्षीच्या या ओढाताणीत टाके किती तग धरणार? कान पातळ, म्हणून ते आधी चिरतात. हे सगळं हात न लावता बघायचं. जुन्या कातड्यांना किडीसाठी आर्सेनिकचा साबण चोळलेला असे आणि ते विष उडून जात नाही.

पक्ष्यांच्या कपाटात तर रंगांचा न्यायच वेगळा. खंड्याचा निळा रंग पिसाच्या सूक्ष्म रचनेतून येतो, म्हणून तो टिकतो. आपल्या राज्यपक्ष्याचा, लालकंठी बुलबुलाचा, पिवळा रंग अन्नातून आलेला. ट्यूबलाइटखाली तो विटतो. मोठ्या धनेशाचं प्रकरण त्याहून गमतीचं. चोचीवरचा पिवळेपणा तो शेपटीजवळच्या ग्रंथीचं तेल फासून स्वतःच आणतो. मेल्यावर फासणार कोण? म्हणून संग्रहालयातल्या धनेशाची चोच फिकी तरी दिसते, नाहीतर चक्क रंगवलेली.

द्रावणात नमुने ठेवतात त्या बरण्यांचं गणित सोपं: एक भाग फॉर्मालिन, नऊ भाग पाणी. चुकतं ते पुढे. साप किंवा मोठा मासा नुसता बुडवला तर द्रावण आतड्यांपर्यंत पोचायच्या आधीच तो आतून कुजतो; पोटात सुईने द्रावण सोडावं लागतं. फॉर्मालिन हळूहळू आंबट होतं आणि हाडांतला चुना खातं, म्हणून त्यात थोडा टाकणखार घालतात.

कपाटाच्या तळाशी बारीक भुसा आणि अळ्यांनी टाकलेल्या तपकिरी काती दिसल्या तर कातडं खाणारे भुंगेरे आत आहेत. डांबरगोळ्यांवर विसंबू नये. नमुना पिशवीत घट्ट बांधून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवावा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर दव धरून बुरशी लागते.

पण खरी किंमत नमुन्यासोबतच्या चिठ्ठीची. गाव आणि तारीख नसलेला गव्याचा मुखवटा म्हणजे दिवाणखान्याची शोभा, बाकी काही नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर नवा गवा मारून आणायची सोय नाही, तेव्हा आहे त्यावरच भागवायचं. बरणीतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहून आतच ठेवावी. काही बरण्यांत अल्कोहोल असतं, त्यात बॉलपेनची शाई विरघळते आणि बाहेर चिकटवलेला कागद कसर खाते. जुनी चिठ्ठी पोर्तुगीजमध्ये असली, अर्धी फाटलेली असली, तरी काढायची नाही. नवी तिच्या जोडीला ठेवायची.