अडकलेला पिक्चर

रविवार, रात्री साडेअकरा

जेवणं उरकल्यावर सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनचा ‘बेझिन मेडो’ लावून बसलो होतो. पाणी प्यायला उठलेली धाकटी दारातच थबकली. “बाबा, नेट गेलं का? पिक्चर अडकलाय.”

नेट नव्हतं गेलं. 1935 साली सुरू झालेलं हे चित्रण 1937 च्या मार्चमध्ये वरून हुकूम येऊन बंद पडलं, आणि प्रिंट पुढे महायुद्धात नष्ट झाली. शॉटागणिक कापून कुणीतरी जपलेल्या फ्रेम तेवढ्या उरल्या. त्या जोडून 1967 साली युत्केविच आणि क्लाइमन यांनी हा अर्ध्या तासाचा ऐवज उभा केला. सगळी स्थिर चित्रं, मागे प्रोकोफिएव्हचं संगीत.

गोष्ट स्तेपोक नावाच्या पोराची. बाप सामूहिक शेतीचं पीक जाळायला निघालेला, पोरगं त्याच्या विरोधात उभं राहतं आणि बाप त्याला गोळी घालतो. मुळाशी आहे उरलमधला पाव्लिक मोरोझोव, 1932 साली मारला गेलेला. बापाविरुद्ध साक्ष दिली म्हणून सोव्हिएत राजवटीनं त्याचे पुतळे उभारले. त्या कथेत खरं किती, यावर इतिहासकार अजून भांडतात.

याच दिग्दर्शकाच्या 1925 सालच्या ‘स्ट्राइक’ या चित्रपटात एक मूल पोलिसांच्या घोड्यांच्या पायांत शिरतं, दुसरं एक वरच्या गॅलरीतून खाली फेकलं जातं. तिथलं मूल फक्त मरतं. दहा वर्षांत त्याच्यावर बापाला पकडून द्यायची जबाबदारी आली. मला ही गोष्ट पटत नाही, अजिबात नाही. पण त्या पांढुरक्या केसांच्या पोरावर उजेड असा पाडलाय की एखाद्या चर्चमधला संतच वाटावा. गंमत म्हणजे वरिष्ठांनाही नेमकं तेच खुपलं: वर्गसंघर्ष मागितला होता, यानं बायबल दाखवलं! काम थांबवणारा सोव्हिएत चित्रपटखात्याचा प्रमुख शुम्यात्स्की 1938 मध्ये गोळीला गेला, पटकथेवर हात फिरवणारा लेखक बाबेल 1940 मध्ये.

धाकटी तोवर माझ्या पांघरुणात शिरली होती.

“याची आई कुठंय?”

आई सुरुवातीलाच मेलेली असते, नवऱ्याच्या मारानं. म्हटलं, गावाला गेलीय. तिला ते पटलं नसावं. रिमोट घेऊन तिनं पिक्चर पहिल्यापासून लावला, फुललेल्या झाडांची चित्रं पाहिली, आणि आई यायच्या आतच झोपली.