५.५ गिगाहर्ट्झचा परावर्तक फलक: झोत आता एकाच बाजूला वळतो

वाय-फायची लहर हव्या त्या दिशेला परावर्तित करणारा, एफआर-४ (सर्किट बोर्डाचा नेहमीचा पदार्थ) वर तयार केलेला १६ स्तंभ आणि ८ ओळींचा फलक आता पूर्ण चालू झाला असून, प्रत्येक पॅचवरचा (धातूच्या छोट्या तुकड्यावरचा) पिन डायोड, म्हणजे विजेने चालणारा स्विच, चालू किंवा बंद केल्यावर परावर्तित लहरीच्या फेजमध्ये (चढ-उताराच्या टप्प्यात) सुमारे १८० अंशांचा फरक पडतो. एका स्तंभातले आठही डायोड मी एकत्रच चालवतो, त्यामुळे झोत फक्त आडव्या दिशेत वळवता येतो. घरातल्या वाय-फायसाठी तेवढे पुरेसे आहे. चालू डायोडला १० मिलिअँपिअर धरले तरी स्तंभाला ८० लागतात आणि डायोडना चालू-बंदचे आदेश देणाऱ्या ७४एचसी५९५ या शिफ्ट रजिस्टर चिपची एकूण मर्यादाच ७० आहे, म्हणून प्रत्येक स्तंभाला स्वतंत्र ट्रान्झिस्टर दिला आहे.

खरी गंमत मोजणीत आहे. या वारंवारतेला तरंगलांबी ५४.५ मिलिमीटर आणि स्तंभांमधले अंतर २७ मिलिमीटर आहे. तेव्हा स्तंभांना ००११ (दोन बंद, दोन चालू) हा क्रम पुन्हापुन्हा दिला की एक आवर्तन जवळपास दोन तरंगलांबींचे होते आणि समोरून आलेली लहर ३० अंशांवर वळते. मात्र ती डावीकडे आणि उजवीकडे सारखीच वळते, कारण +१८० आणि -१८० अंश ही एकच फेज असल्यामुळे फक्त दोन अवस्था असलेल्या फलकाला चढती आणि उतरती फेज वेगळी दाखवताच येत नाही.

यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. प्रेषक अँटेना फलकाच्या मध्यासमोर अर्ध्या मीटरवर आणली की लहर सपाट राहत नाही. कडेच्या स्तंभापर्यंतचा तिचा मार्ग मधल्यापेक्षा सुमारे ४० मिलिमीटरने लांब होतो. हा फरक हिशेबात घेऊन प्रत्येक स्तंभाची अवस्था ठरवली, की हव्या त्या दिशेला सगळ्या स्तंभांच्या लहरी जुळतात आणि आरशातल्यासारखा उमटणारा दुसरा झोत विस्कटून जातो. दोनच अवस्थांमुळे, हवी ती फेज देऊ शकणाऱ्या आदर्श फलकाच्या तुलनेत सुमारे ३.९ डेसिबल गमवावे लागतात, हे गणितातूनच येते.

तुलनेसाठी त्याच जागी, त्याच मापाचा तांब्याचा पत्रा ठेवून मोजणी करावी, असा माझा आग्रह आहे. नाहीतर साध्या परावर्तनाचे श्रेय डायोडना दिले जाते. पुढच्या टप्प्यात कोन न मोजता एकेक स्तंभ उलटवून, सिग्नल वाढला तरच तो बदल कायम ठेवणारा प्रोग्राम भिंतीआडच्या खोलीसाठी चालवणार आहे.